पहिल्या पायरीचा कॅमेरा: बदलावा केव्हा?

घरात पहिला चांगला कॅमेरा बहुधा एखाद्या निमित्ताने येतो. कुणाचे लग्न ठरते, बाळाची चाहूल लागते, दूरच्या यात्रेचा बेत आखला जातो आणि दुकानदाराने सुचविलेला, लेन्ससह एकाच खोक्यात मिळणारा डिजिटल कॅमेरा विकत घेतला जातो. दोन-तीन वर्षे तो हौसेने वापरला जातो. मग एखाद्या समारंभात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मोठा, भारदस्त कॅमेरा दिसतो आणि स्वतःचा कॅमेरा एकाएकी तोकडा वाटू लागतो. ‘आता वरचा कॅमेरा घ्यावा का?’ हा प्रश्न त्या क्षणी मनात शिरतो आणि सहजी बाहेर पडत नाही.

हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. वरच्या श्रेणीची बॉडी आणि तिला साजेशी लेन्स यांची बेरीज बहुधा लाखाच्या पुढे जाते. बेताच्या मिळकतीच्या घरात ती कित्येक महिन्यांची शिल्लक असते आणि त्या शिलकीवर मुलांचे शिक्षण, थोरांचे औषधपाणी, घराची डागडुजी यांचाही हक्क असतो. उलट, हौस दडपून टाकणे म्हणजेच विवेक, असेही नाही. घरातील एखाद्या तरुणाला वा गृहिणीला छायाचित्रणाची खरी ओढ असेल आणि हातातील साधन तिच्या आड येत असेल, तर खर्च करणे योग्यच ठरते. साधन खरोखर आड येते आहे काय, हे मात्र आधी तपासून पाहिले पाहिजे.

रोलच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. वडिलांनी घेतलेला कॅमेरा मुलाच्या हाती येई आणि दोघांचीही छायाचित्रे चांगली निघत. चित्र ज्यावर उमटते ती फिल्म दर छत्तीस चित्रांनंतर नवी भरली जाई. त्यामुळे फिल्म सुधारली की जुन्या कॅमेऱ्याचे चित्रही सुधारे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा सेन्सरने घेतली आणि तो बॉडीत कायमचा बसविलेला असतो. सेन्सर जुना झाला म्हणजे कॅमेराच जुना झाला, ही भावना तेथून आली.

आरंभीच्या काळात ती भावना रास्तही होती. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोहून अधिक वजनाचा होता. त्याचे चित्र केवळ १०० गुणिले १०० बिंदूंचे, कृष्णधवल होते आणि ते कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. सामान्य ग्राहकाला परवडेल असा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा येण्यास २००३ साल उजाडावे लागले. कॅननचा ईओएस ३००डी त्या वर्षी हजार डॉलरच्या आत मिळू लागला, तो ६.३ मेगापिक्सेलचा होता. २००६ मधील निकॉन डी४० साधारण तितक्याच मेगापिक्सेलचा होता. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन डी३५०० पर्यंत पहिल्या पायरीवरील ही संख्या २४ मेगापिक्सेलवर पोहोचली. त्या वाटचालीत दर तीन-चार वर्षांनी कॅमेरा बदलणाऱ्यास बदल डोळ्यांना दिसत असे. आज चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ज्याच्या हाती आहे त्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या सेन्सरची गुणवत्ता घरगुती गरजेच्या बरीच पुढे गेलेली आहे.

हे आकड्यांनीच पाहता येईल. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र ६००० गुणिले ४००० बिंदूंचे असते. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर ते २० गुणिले १३ इंच आकारात तपशील न गमावता छापता येते. अल्बममधील नेहमीच्या ६ गुणिले ४ इंची प्रतीला जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल लागतात. दिवाणखान्यातील फोर-के दूरदर्शन संच मोठा दिसत असला तरी त्याच्या पडद्यावर सुमारे ८.३ मेगापिक्सेलच मावतात. शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणजे चित्राची रुंदी दुप्पट होत नाही. ती सुमारे १.४ पटच वाढते. सहा मेगापिक्सेलवरून चोवीसवर येताना त्या चौपट वाढीने रुंदी केवळ दुप्पट झाली. म्हणून खोक्यावरील मोठा आकडा हे बदलाचे कारण होऊ शकत नाही. भिंतभर चित्र छापावयाचे असेल, किंवा दूरच्या पक्ष्याभोवतीचा भाग कापून तेवढाच मोठा करावयाचा असेल, तरच त्या आकड्याचा उपयोग होतो.

मग निर्णय कशावरून घ्यावा? सर्वांत विश्वासू साक्षीदार घरातच असतो: स्वतःची फसलेली छायाचित्रे. गेल्या वर्षभरातील ज्या चित्रांनी निराशा केली अशी पंचवीस-तीस चित्रे संगणकावर एकत्र काढावीत. प्रत्येक फाइलमध्ये शटरचा वेग, लेन्सच्या छिद्राचा आकडा आणि आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता नोंदलेली असते. ती नोंद पाहत प्रत्येक चित्राच्या अपयशाचे कारण कागदावर मांडावे. ही कारणे मोजकीच असतात.

संपूर्ण चित्र पुसट असेल, तर हात हलला. साधा ठोकताळा असा, की लेन्सच्या मिलिमीटरला दीडने गुणावे आणि सेकंदाच्या तितक्या भागाहून शटर हळू ठेवू नये. ५५ मिलिमीटरवर सुमारे १/८० सेकंद. लेन्समध्ये कंपरोधक सोय असेल, तर यात बरीच सवलत मिळते. पार्श्वभूमी स्वच्छ आणि धावणारे मूल मात्र पुसट असेल, तर शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान हवे होते. आजोबांऐवजी त्यांच्या पुढ्यातील फुलदाणी स्पष्ट आली असेल, तर फोकसचा बिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपविलेले होते आणि कॅमेऱ्याने जवळची वस्तू निवडली. चित्रभर रवाळ दाणे असतील, तर प्रकाश अपुरा होता आणि आयएसओ फार वर गेला. चेहरे पिवळे वा हिरवट असतील, तर दिव्यांच्या रंगाचा मेळ बसला नाही. सारे तांत्रिक गुण असूनही चित्र निर्जीव असेल, तर उभे राहण्याची जागा किंवा प्रकाशाची दिशा चुकली.

ही यादी पुढे ठेवली की बरेचसे धुके निवळते. हात हलणे, फोकसचा बिंदू न निवडणे, रंगाचा मेळ न साधणे, जागा चुकणे, हे दोष नव्या कॅमेऱ्याबरोबर नव्या खोक्यातून पुन्हा घरी येतात. त्यांवरचा उपाय माहितीपुस्तिकेत आणि सरावात आहे. अनेक कॅमेऱ्यांत आयएसओ आपोआप बदलत असतानाच शटर ठरावीक वेगाखाली जाऊ नये अशी मर्यादा घालता येते. ही एक सोय शिकून घेतली तरी समारंभातील अर्धी पुसट चित्रे टळू शकतात. दृश्यदर्शकाशेजारी एक लहान चक्र असते. ते स्वतःच्या नजरेनुसार फिरवून घेतले नसेल, तर चश्मा लागलेल्या व्यक्तीस सारेच धूसर दिसते आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी येतो. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. तिच्यामुळेही चित्रावर दुधी झाक येते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात लेन्स ठेवण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

अपुऱ्या प्रकाशाची तक्रार मात्र खरी असते आणि कॅमेरा बदलण्याच्या इच्छेचे मूळ बहुधा तिच्यातच असते. आजीची पंच्याहत्तरी आहे असे समजावे. रात्रीची वेळ, दिवाणखान्यातील दिवे, ओवाळणीचे तबक, निरांजनाच्या उजेडात उजळलेला तिचा चेहरा. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स ५५ वर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ हून अधिक उघडत नाही. अशा खोलीत आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/३० सेकंदावर रेंगाळू शकते; आजीने मान वळवली की चित्र पुसट होते. येथे दोन मार्ग संभवतात. पहिला, मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याचा. त्याचा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीइतका, ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो; पहिल्या पायरीवरील निकॉनचा सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाची तुलना केली तर मोठ्या सेन्सरला सुमारे २.३ पट अधिक प्रकाश मिळतो. दुसरा मार्ग, आहे त्याच बॉडीवर एफ/१.८ ची, एकाच अंतरावर स्थिर असलेली ५० मिलिमीटरची साधी लेन्स बसविण्याचा. एफ/५.६ च्या तुलनेत तिच्यातून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. त्या दहापटीत आयएसओ ३२०० वरून ८०० वर आणता येतो आणि शटरही १/३० वरून १/८० वर नेता येते. दाणे कमी होतात आणि चेहरा स्वच्छ येतो. ही लेन्स साऱ्या लेन्समध्ये स्वस्त गणली जाते. नव्या फुल फ्रेम बॉडीच्या किमतीचा एक लहानसा अंश तिला पुरतो.

या लेन्सच्याही मर्यादा आहेत. छिद्र पूर्ण उघडले की फोकसची खोली फार कमी होते. एकटा चेहरा सुंदर येतो, पण दोन रांगांत उभ्या असलेल्या कुटुंबातील मागची रांग पुसट होते. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स दृश्य बरेच जवळ आणते, त्यामुळे लहान खोलीत मागे सरकण्यास जागा उरत नाही. तेथे ३५ मिलिमीटरची अधिक सोयीची. मोठ्या कुटुंबाच्या एकत्र चित्रासाठी स्वतंत्र फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून वापरला, तर मऊ, सर्वांवर सारखा पडणारा प्रकाश मिळतो. कॅमेऱ्यावरील छोटा फ्लॅश थेट चेहऱ्यावर उडवून आलेले चुन्यासारखे चेहरे आणि भिंतीवरच्या काळ्या सावल्या मग दिसत नाहीत. एक लेन्स आणि एक फ्लॅश एवढ्याने ज्याची तक्रार संपते, त्याला नव्या बॉडीची गरज नव्हती असे समजावे.

तरीही काही वेळा बदल करणे हेच शहाणपणाचे ठरते. धावती मुले, मैदानावरील कबड्डी, उडणारे पक्षी हा ज्याचा मुख्य विषय आहे, त्याला पहिल्या पायरीवरील कॅमेऱ्याची फोकस यंत्रणा खरोखर अपुरी पडते. डी३५०० मध्ये फोकसचे केवळ ११ बिंदू आहेत आणि ते चौकटीच्या मधल्या भागात एकवटलेले आहेत. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस जवळजवळ संपूर्ण चौकटीत पोहोचतो आणि अनेकांत माणसाचा डोळा ओळखून त्यावर टिकून राहतो. हा फरक सरावाने भरून निघणारा नाही. चलच्चित्रणात ध्वनी महत्त्वाचा असेल, तर बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय लागते. डी३५०० ला ती नाही. मोबदला घेऊन लग्नसमारंभाचे काम करणाऱ्यास दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी चित्र नोंदविणारा कॅमेरा हवा, कारण एक कार्ड बिघडले तर दुसऱ्याचे लग्न पुन्हा लागत नाही. पावसाधुळीत हिंडणाऱ्यास जलरोधक बांधणी हवी. शटरची हालचाल काही लाखांत एकदा कुरकुरू लागते असेही नाही. या वर्गातील शटरचे आयुष्य साधारणतः एक लाख उघडझापांच्या हिशेबाने सांगितले जाते, आणि भरपूर वापरलेल्या कॅमेऱ्याचे शटर खरोखर दमले असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाशी नव्याची तुलना करणे उचितच होय.

बदल ठरला, तरी एक अडचण आधीच पाहून ठेवावी. लेन्स आणि बॉडी यांचे नाते दुकानात दिसते तितके सरळ नसते. पहिल्या पायरीवरील निकॉन बॉडीत, डी४० पासून डी३५०० पर्यंत, फोकससाठी लागणारी मोटर नाही. नातेवाइकाकडून मिळालेली जुनी निकॉन लेन्स तिच्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. लहान सेन्सरसाठी बनविलेली निकॉन लेन्स फुल फ्रेम बॉडीवर चालते, परंतु मधला भागच वापरला जातो आणि चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून सुमारे दहाच हाती येतात. कॅननच्या लहान सेन्सरच्या ईएफ-एस लेन्स तर त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. म्हणजे बॉडी बदलताना लेन्सही बदलाव्या लागण्याचा संभव मोठा. ज्यांनी खरेदीचा अंदाज केवळ बॉडीच्या किमतीवर बांधला, त्यांचा हिशेब येथे चुकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यांसाठी लेन्सची नवी जोडणी आणली आणि त्यानंतर त्यांचे लक्ष आरशाच्या डीएसएलआरकडून तिकडे वळले. यावरून हातातील डीएसएलआर निकामी झाला असे मात्र नाही. तो काल जशी चित्रे काढत होता तशीच उद्याही काढील. वापरलेल्या डीएसएलआर लेन्स बाजारात स्वस्तात मिळतात, हा लाभच आहे. परंतु ज्याला पुढे मागे मिररलेसकडे वळावयाचे आहे, त्याने आता डीएसएलआरच्या महागड्या लेन्सचा संग्रह वाढवू नये. दोन्ही कंपन्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसविणारा जोड देतात. आधुनिक, स्वतःची मोटर असलेल्या लेन्सचा फोकस त्यावर आपोआप चालतो, मोटर नसलेल्या जुन्या निकॉन लेन्सचा चालत नाही.

दडलेले खर्चही मोजावेत. मेगापिक्सेल वाढले की फाइल वाढते. मग वेगवान कार्ड, मोठी हार्ड डिस्क आणि कधी नवा संगणकही मागे लागतो. जादा बॅटरी आणि पिशवी या गोष्टी किरकोळ वाटतात, पण बेरजेत त्या उतरतातच. वजनाचाही विचार हवा. डी३५०० ची बॉडी बॅटरीवाचून सुमारे ३६५ ग्रॅमची. जड कॅमेरा आणि जड लेन्स हौसेने घेतली जाते आणि दुसऱ्या सहलीपासून कपाटातच राहते, हे अनेक घरांत दिसते. कपाटातल्या कॅमेऱ्याहून हातातला कॅमेरा केव्हाही सरस.

एवढे करूनही मन डळमळत असेल, तर मोठ्या शहरांत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एका समारंभासाठी इच्छित कॅमेरा भाड्याने आणावा, त्याच जागी, त्याच प्रकाशात जुन्या कॅमेऱ्यानेही चित्रे काढावीत आणि आठवड्याने दोन्ही संच घरातील माणसांपुढे शेजारी ठेवावेत. कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, हे आधी सांगू नये. घरच्यांना फरक दिसला, आणि तो त्यांना हवासा वाटला, तर निःशंकपणे पैसे खर्चावेत. जुना कॅमेरा विकून फारशी किंमत येणार नसेल, तर घरातील शाळकरी मुलाच्या हाती द्यावा. शिकण्यास त्याहून योग्य साधन नाही.

या साऱ्या विचारात एक काम मात्र कॅमेरा कोणताही असो, पुढे ढकलू नये. घरोघरी हजारो चित्रे एकाच कार्डावर किंवा एकाच जुन्या संगणकावर पडून आहेत. ती यंत्रे बिघडली की लग्ने, बारशी आणि आता हयात नसलेली माणसे एका क्षणात नाहीशी होतात. प्रत्येक चित्राच्या निदान दोन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. दर वर्षाच्या शेवटी निवडक पन्नास चित्रे कागदावर छापून अल्बममध्ये लावावीत. जुन्या कॅमेऱ्यातून निघालेले आणि जपून ठेवलेले आजीचे चित्र नातवंडे पन्नास वर्षांनी पाहतील. तेव्हा ते कितव्या पायरीच्या कॅमेऱ्याने काढले, हे कुणी विचारणार नाही. पैसे मर्यादित असतील तर त्यांचा क्रम असा लावावा: आधी चित्रे जपण्याची सोय, मग एक उजेडाची लेन्स, मग फ्लॅश, आणि फसलेल्या चित्रांची यादी तरीही बॉडीकडेच बोट दाखवीत असेल, तर शेवटी नवी बॉडी.